पोर्तुगालमध्ये निवृत्त व्हायचंय, पण नेमकं कुठे?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात सांगायचं तर तुम्ही त्रेसष्ट, मिस्टर सदुसष्ट, चौतीस वर्षं इंग्लंडात. मिस्टरांना मधुमेह, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलगी मँचेस्टरला, भाऊ सांगलीला. पोर्तुगाल पक्कं केलंय, पण प्रदेश ठरत नाही. जूनमध्ये दक्षिणेच्या अल्गार्व किनारपट्टीवरच्या अल्बुफेइराला आठ दिवस राहून आलात, ते आवडलं. मिस्टरांनी यूट्यूबवर मध्य पोर्तुगालमधल्या फुंदांवजवळचं एक दगडी घर पाहिलंय, दीड एकर जमीन आणि चेरीची झाडं असलेलं, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात तेच आहे. कुणीतरी सिल्व्हर कोस्ट स्वस्त आहे म्हणालं. आणि तुमचं शेवटचं वाक्य : ‘गोव्यासारखं काहीतरी असावं.’

मी अठरा वर्षं या देशात राहते आणि त्यातली चौदा वर्षं बाहेरून येणाऱ्यांना घर, परवाना, दवाखाना लावून देण्याचं काम करते. माझा अनुभव असा, की इथून दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळून परत जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी देश चुकीचा निवडलेला नसतो, गाव चुकीचं निवडलेलं असतं. आणि ते चुकतं कारण गाव जूनमध्ये पाहिलेलं असतं. तेही दोघांनी मिळून, दोघांचे पाय धड असताना.

म्हणून मी प्रत्येक जोडप्याला आधी एक नकोसा प्रश्न विचारते. तुमच्यापैकी एक जण मागे राहिला, वय ऐंशी, गाडी चालवणं बंद झालंय, महिना फेब्रुवारी आहे आणि रात्री छातीत कळ आली. या घरातून पुढे काय? हा प्रश्न लावला की नकाशावरची अर्धी गावं आपोआप गळतात.

फुंदांव पहिलं गळतं. मिस्टरांना वाईट वाटेल, पण सांगते. गाव सुंदर आहे, चेरी तर देशभर प्रसिद्ध. पण सेर्रा द एश्त्रेलाचा डोंगर जवळच आहे, हिवाळा खरा हिवाळा असतो आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. मुख्य रुग्णालय कोव्हिल्यांला. ते घर गावात नाही, गावाबाहेर पाच-सात किलोमीटरवर असणार, कारण दीड एकर जमीन गावात मिळत नाही. म्हणजे गाडीशिवाय दूधसुद्धा येणार नाही. त्यात वणवा. मध्य पोर्तुगालमध्ये जून २०१७ मध्ये पेद्रोगांव ग्रांदला आग लागली, त्यात ६६ माणसं गेली, आणि बरीचशी घरात नाही, पळून जाताना रस्त्यावर गाडीत गेली. तेव्हापासून घराभोवतीचा ५० मीटरचा पट्टा दरवर्षी साफ ठेवायचा कायदा कडक झालाय. गवत कापायचं, फांद्या छाटायच्या, नाही केलं तर दंड. सत्तरीनंतर हे काम स्वतः होत नाही आणि आडगावात त्या कामाला माणूस मिळत नाही, कारण तरुण लोक केव्हाच लिस्बनला किंवा फ्रान्सला गेलेत. घर स्वस्त का आहे, याचं उत्तर यातच आहे. मिस्टरांना चेरीची हौस असेल तर मोसमात चार दिवस जाऊन हॉटेलात राहावं.

मध्य भागातलं शहरच हवं असेल तर कोइंब्रा किंवा तोमार. कोइंब्राचं विद्यापीठाचं रुग्णालय देशातल्या उत्तम रुग्णालयांपैकी आहे. पण जुनं कोइंब्रा म्हणजे चढच चढ. तुमचा गुडघा विद्यापीठाच्या पायऱ्या पाहूनच दुखायला लागेल. तोमार सपाट आहे, छोटं आहे, नदीकाठी आहे, आणि लिस्बनला थेट रेल्वे दोन तासांत जाते. मला व्यक्तिशः तोमार फार आवडतं. तुमच्यासाठी नको म्हणते ते एकाच कारणाने : मँचेस्टरहून मुलगी आली की विमानतळापासून आणखी अर्धा दिवस जाईल.

आता उत्तरेकडचा भाग. पोर्तो, ब्रागा, गिमारांइश. कागदावर हा भाग सगळ्यात शहाणा. सरकारी आरोग्यसेवेत प्रत्येकाला नेमून दिलेला ‘कुटुंबाचा डॉक्टर’ असतो, निदान असायला हवा. देशात पंधरा लाखांहून जास्त लोकांना तो मिळालेला नाही. सगळ्यात वाईट स्थिती लिस्बन आणि तेजो नदीच्या खोऱ्याची, अल्गार्वचीही चांगली नाही, आणि उत्तरेत मात्र बहुतेकांना डॉक्टर मिळतो. मधुमेह असलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. पण तिथे पाऊस आहे. अल्गार्वमधल्या फारोला वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर, लिस्बनला ७००च्या आसपास, म्हणजे पावसाच्या हिशेबात लिस्बन म्हणजे आपलं पुणं. पोर्तोला अकराशे-बाराशे, ब्रागाला त्याहून जास्त. कोकणातल्या माणसाला हे आकडे हसण्यासारखे वाटतील. फरक असा, की हा पाऊस थंडीत पडतो.

आणि इथली घरं थंडीसाठी बांधलेलीच नाहीत. इंग्लंडहून येणाऱ्यांना हे सांगून पटत नाही. तुमच्याकडे बाहेर दोन अंश आणि घरात वीस. इथे बाहेर बारा आणि घरातही तेरा-चौदा. सेंट्रल हीटिंग बहुतेक घरांत नसतंच. भिंती एकेरी, खिडक्या जुन्या, फरशी गार. मी स्वतः पहिली दोन वर्षं ब्रागात काढली. तळमजल्याचं घर होतं, उत्तरेकडे तोंड. घरमालकाने ऑगस्टमध्ये नवा रंग देऊन दाखवलं होतं. डिसेंबरात रंगाखालून काळी बुरशी वर आली, आणि आईने दिलेली पैठणी कपाटातून काढली तर घडीवर हिरवट डाग. पुण्याच्या पावसाळ्यात कधी खराब झाली नव्हती ती साडी. तेव्हापासून घर बघायला गेले की मी आधी कपाट पुढे ओढून मागच्या भिंतीला हात लावते.

घराच्या प्रत्येक जाहिरातीत ऊर्जा प्रमाणपत्राचं अक्षर असतं, ए प्लसपासून एफपर्यंत. डी, ई, एफ हे भरपूर दिसतील. स्वस्त भाड्याचं ई घर आणि थोडं महाग बी घर यांत हिवाळ्याच्या विजेच्या बिलाने हिशेब उलटा होतो. घर दक्षिणमुखी हवं, मधल्या मजल्याचं हवं, लिफ्ट हवी. लिफ्ट म्हटल्यावर आठवलं, २८ एप्रिल २०२५ला सकाळी साडेअकराच्या सुमारास आख्ख्या पोर्तुगाल-स्पेनची वीज गेली, ती रात्रीच आली. माझ्या ओळखीच्या एक आजी सातव्या मजल्यावर राहतात. भाजी घ्यायला खाली आल्या होत्या, त्या दिवसभर खालच्या बेकरीतच बसून राहिल्या. म्हणून मी लिफ्ट हवी म्हणते, पण दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या वर नको.

सिल्व्हर कोस्ट, म्हणजे लिस्बनच्या वरची पश्चिम किनारपट्टी. काल्दास दा राइन्या, ओबिदुश, नाझारे. काल्दासला रोज सकाळी उघड्या चौकात फळभाजीचा बाजार भरतो. त्या बाजारासाठी मी आजही वाट वाकडी करून जाते. गरम पाण्याच्या झऱ्यावरचं तिथलं रुग्णालय राणी लिओनोरने १४८५ मध्ये सुरू केलं, गावाचं नावच त्यावरून पडलं. पण आजचं सरकारी रुग्णालय लहान आहे, गुंतागुंतीचं काही निघालं की लिस्बनला पाठवतात. रेल्वे आहे, पण रखडत चालते. हवेचं म्हणाल तर ऑगस्टमध्येही सकाळी धुकं, दुपारी उत्तरेचा बोचरा वारा. ज्यांना उकाडा सहन होत नाही त्यांना मी आवर्जून तिकडे पाठवते. तुम्ही ‘गोव्यासारखं’ म्हणताय. नाझारेला समुद्रात पाय घातलात तर गोव्याचं नाव पुन्हा काढणार नाही.

लिस्बन आणि अल्गार्वच्या मधल्या आलेंतेझूबद्दल एकच वाक्य : १ ऑगस्ट २००३ला तिथल्या आमारलेझा गावात ४७ अंशांहून जास्त तापमान नोंदलं गेलं, आणि तो देशाचा उच्चांक आहे.

मदेरा बेटाचा विचार तुम्ही केलेला नाही, पण करण्यासारखा आहे. तिथल्या फुंशाल शहरात थंडी नाही, उकाडा नाही. उतारांवर केळीच्या बागा, बाजारात पपई, ऊस, पॅशनफ्रूट. गोव्याची आठवण येईल ती तिथेच. शिवाय मदेरा आणि अझोर्स ही स्वायत्त बेटं असल्यामुळे प्राप्तिकराचे दर मुख्य भूमीपेक्षा कमी आहेत. वस्तूंवरचा व्हॅटसुद्धा मुख्य भूमीवर २३ टक्के, मदेरात २२, अझोर्समध्ये १६. तरीही तुमच्या गुडघ्याला फुंशाल झेपणार नाही, कारण तिथे बंदराजवळची एक पट्टी सोडली तर सपाट असं काही नाही. आणि वारा सुटला की विमानं उतरतच नाहीत, दुसरीकडे वळवतात. आजारपणात मुलीला तातडीने यायचं असेल तेव्हा हे आठवेल.

राहता राहिलं अल्गार्व.

तुम्ही पाहिलेलं अल्बुफेइरा म्हणजे बागा-कळंगुट. जूनमध्ये गजबज, नोव्हेंबरमध्ये निम्म्या हॉटेलांची शटरं खाली. जानेवारीत त्या रस्त्यावरून संध्याकाळी चालून बघा, औषधाचं दुकान आणि चिनी माणसाचं एक दुकान सोडून दिवा दिसणार नाही. सुट्टीच्या गावात सुट्टी असते तोवरच गाव असतं. तिथे घर नको.

पण अल्गार्व म्हणजे अल्बुफेइरा नव्हे. स्थानिक लोक त्याचे दोन भाग करतात : पश्चिमेकडचा ‘बार्लाव्हेंतो’, म्हणजे वाऱ्याच्या बाजूचा, आणि पूर्वेकडचा ‘सोताव्हेंतो’, म्हणजे आडोशाचा. लागोस, पोर्तिमांव पश्चिमेला. तिथे कडे आहेत, फोटोतले सोनेरी किनारे आहेत, वारा आहे, गर्दी आहे. मागच्या मोंशिकच्या डोंगरात ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे २७ हजार हेक्टर जळालं, त्यामुळे डोंगरातलं घर तिकडेही नकोच. पूर्वेला ओल्यांव, ताव्हिरा. इथे रिया फोर्मोझाची उथळ खाजणं आहेत, मिठागरं आहेत, पाणी जरा कोमट आहे आणि जमीन सपाट आहे. तुम्हाला पाहिजे तो गोवा, म्हणजे किनाऱ्यावरचा नाही, दिवाडी-चोडणकडचा, तो इकडे आहे.

ताव्हिरा सगळ्यांना आवडतं. तुम्हालाही आवडेल. नदीच्या दोन्ही तीरांवर गाव, रेल्वे स्टेशन, सपाट गल्ल्या. पण मी तुम्हाला ताव्हिराही दुसऱ्या क्रमांकावर सुचवते. पहिला क्रमांक फारो शहर.

फारोचं नाव घेतलं की लोक चमकतात. सगळ्यांसाठी फारो म्हणजे विमानतळ, उतरायचं आणि गाडी भाड्याने घेऊन पुढे जायचं. म्हणूनच ते चांगलं राहिलंय. हे जिल्ह्याचं ठिकाण आहे, नगरपालिका हद्दीत सदुसष्ट हजारांच्या आसपास वस्ती, विद्यापीठ आहे, कचेऱ्या आहेत, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये दुकानं बंद होत नाहीत, उलट कॉलेजं भरलेली असतात. अल्गार्वचं मुख्य सरकारी रुग्णालय शहरातच आहे, खासगी दवाखानेही आहेत. लिस्बनची रेल्वे साधारण तीन तासांत पोहोचवते आणि पासष्टीच्या वरच्यांना तिकीट निम्म्या दरात. विमानतळ टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. मुलगी मँचेस्टरहून सकाळी निघाली तर दुपारचं जेवायला तुमच्याकडे. हिवाळ्यात उड्डाणं कमी होतात, तेवढं लक्षात ठेवा. आणि घर घेताना विमानाचा आवाज दिवसा जाऊन ऐका, विमानतळाला लागून असलेल्या मोंतेनेग्रोकडे तो जास्त आहे.

फारोचे तोटेही सांगते. कुटुंबाच्या डॉक्टरसाठी वाट बघावी लागेल. त्यावर तुमच्याजवळ एक उपाय आहे, जो अमेरिकेतून येणाऱ्यांजवळ नसतो. मिस्टरांना ब्रिटिश सरकारी पेन्शन सुरू झालेलं आहे, म्हणजे त्यांना एस-वन फॉर्म मिळतो. तो इथे नोंदवला की दोघांचाही सरकारी आरोग्यसेवेचा खर्च ब्रिटन उचलतं, तुमचा त्यांच्यावर अवलंबून म्हणून. त्यातून जे पैसे वाचतील त्यात एक बऱ्यापैकी खासगी विमा काढा, पण तो येण्याआधी विचारून घ्या, कारण आधीपासूनचा मधुमेह बहुतेक कंपन्या वगळतात. दुसरा तोटा पाण्याचा. २०२४च्या सुरुवातीला दुष्काळामुळे सरकारने अल्गार्वमध्ये शेतीच्या पाण्यात २५ टक्के आणि शहरी पाण्यात १५ टक्के कपात जाहीर केली होती. पुढे पावसाने दिलासा दिला, पण बाग आणि पोहण्याचा तलाव असलेलं घर बघत असाल तर हे आधी आठवा.

तिसरी गोष्ट एजंट सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. मार्च २०२४च्या निवडणुकीत फारो जिल्ह्यात सर्वाधिक मतं ‘शेगा’ या बाहेरच्या लोकांविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाला पडली. ओदमिराच्या हरितगृहांत, शहरांतल्या हॉटेलांत, डिलिव्हरीच्या दुचाकींवर गेल्या काही वर्षांत भारत, नेपाळ, बांगलादेशातली मुलं खूप आली आणि रागाचा रोख त्यांच्यावर आहे. आपल्या कातडीवर ‘ब्रिटिश पेन्शनर’ असं लिहिलेलं नसतं. मला स्वतःला बाजारात, शेजारात कधी त्रास झाला नाही. कचेरीच्या खिडकीवर आवाज चढलेला दोन-तीनदा ऐकलाय, आणि मी पोर्तुगीजमध्ये उत्तर दिल्यावर तो खाली आलेलाही पाहिलाय. म्हणून भाषा शिका. अल्गार्वमध्ये इंग्रजीवर दहा वर्षं निघतात आणि अकराव्या वर्षी रात्रीच्या वॉर्डात नर्सला ‘कुठे दुखतंय’ हे सांगता येत नाही. अगदी कोरी पाटी नाही आपली. बटाटा, साबण, चावी, पाव, कोबी हे शब्द इथूनच आपल्याकडे गेलेत, आणि दुकानात ‘बताता’ म्हटलं तर बटाटेच मिळतात.

खाण्याचं तुम्ही विचारलंय. युरोपात इतरत्र कोथिंबीर म्हणजे चार काड्यांची डबी. इथे दक्षिणेत कोथिंबिरीशिवाय पान हलत नाही, जुडीच्या जुडीने घेता येते. चवळी ‘फेइजांव फ्राद’ नावाने प्रत्येक दुकानात. छोले, पालेभाज्या, लसूण, सगळं आहे. शाकाहारी माणसाने फक्त सूप विचारून प्यावं, हिरव्यागार ‘काल्दू व्हेर्द’मध्ये तळाला सॉसेजची चकती असते. कढीपत्ता, हिंग, गोडा मसाल्याचं साहित्य यांसाठी लिस्बनचा मार्तिम मोनिझ भाग. माणसांचं म्हणाल तर मराठी घरं मोजकीच. लिस्बनला राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे, ते मुख्यतः मोझांबिकमधून आलेल्या गुजराती मंडळींचं. गोव्याची कुटुंबं जुनी आहेत, कोकणी ऐकू येईल. गणपतीला आम्ही वीसेक जण जमतो, तेही तीन शहरांतून.

पैशांबद्दल दोन गोष्टी, कारण त्यांचा प्रदेशाशी संबंध येतो. पेन्शनसारख्या उत्पन्नावर राहणाऱ्यांना जो डी-सेव्हन व्हिसा मिळतो, त्यासाठी नियमित उत्पन्न इथल्या किमान वेतनाएवढं दाखवावं लागतं. २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होतं, जोडीदारासाठी आणखी निम्मं. हा फक्त उंबरठा आहे, तेवढ्यात फारोला भाडं देऊन राहता येणार नाही. आणि पेन्शनवरच्या करसवलतीच्या जुन्या कहाण्या विसरा, ती योजना २०२४पासून नव्यांसाठी बंद झाली. करसल्लागाराला इंग्लंड सोडण्याआधी भेटा. मिस्टरांच्या पेन्शनचा कुठला भाग सरकारी नोकरीचा आहे, यावर बरंच अवलंबून आहे.

तुम्ही पत्रात ‘नाहीतर सरळ सांगलीलाच जाऊ’ असंही लिहिलंय. तो पर्याय मनापासून तपासा, पण एक माहीत असू द्या : ब्रिटिश सरकारी पेन्शन पोर्तुगालमध्ये दरवर्षी वाढतं, भारतात गेल्यावर आहे त्या आकड्यावर गोठतं. वीस वर्षांचा हिशेब मांडून बघा. आणि दोन्हीकडे अर्धं-अर्धं राहू, हा बेत सुरुवातीची वर्षं जमणार नाही. राहण्याचा पहिला परवाना दोन वर्षांचा असतो. त्या काळात सलग सहा महिने किंवा तुटक मिळून एकूण आठ महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलात तर परवाना जाऊ शकतो. गणपती ते संक्रांत सांगलीला, असं दरवर्षी करता येणार नाही.

आता पुढे काय करायचं ते. घर विकत घेऊ नका, निदान पहिलं दीड वर्ष. इंग्लंडमधलं घर विकून पैसा हातात आला की तो खर्च करायची घाई होते, ती आवरा. येत्या जानेवारी-फेब्रुवारीत तीन आठवडे या. दोन आठवडे फारोला, एक ताव्हिराला, दोन्हीकडे गाडी न घेता. स्टेशनपासून घरी चालत जा. पावसात इथले दगडी पदपथ घसरडे होतात, तुमची काठी बरोबर आणा आणि खरंच चालून बघा. मिस्टरांना एका सकाळी आरोग्य केंद्राच्या रांगेत उभं करा. रात्री घरात स्वेटर घालून बसावं लागतं का, तेही कळेल.

दोन्हींपैकी जे जमेल तिथे वर्षभराचा भाडेकरार करा. व्हिसाच्या अर्जाला सहसा बारा महिन्यांचा करार लागतोच, म्हणजे ही चाचणी तुम्हाला वेगळी महाग पडत नाही. करार घरमालकाने कर खात्यात नोंदवलेला हवा. बरेच जण कर चुकवायला तो नोंदवत नाहीत, ‘भाडं शंभरने कमी करतो, कागद नको’ असं गोड बोलून सांगतात. असं म्हणणाऱ्याला, घर कितीही आवडलेलं असलं तरी, दारातूनच रामराम करा.